चालत्या पट्ट्याला राळ

गावात हळद शिजायला लागली हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. वासच सांगतो. ओली माती, उकडलेला कंद आणि खाली जळणारा हळदीचाच पाला, अशा तिन्हींचा मिळून तो वास असतो. तो नाकात थांबत नाही. घशात जाऊन बसतो आणि पुढे दोन दिवस जेवणाला त्याची चव येते. फाल्गुन सरत आला की आमच्या सेलूकडच्या वावरांवर जागोजागी धूर दिसायला लागतो, आणि बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे होतात. लग्नघर नसताना पिवळे.

यंदाही वास आला. मी अंगणात बाजाराची वांगी निवडत बसले होते, किडकी एकीकडे, बरी एकीकडे. शेजारच्या शांताबाईच्या वावरात पहिली कढई चढली असावी. माझा हात थांबला. सून वंदना समोरच होती, तिनं बघितलं. "आई, काय झालं?" म्हटलं, "काई नाई, वांग्यात अळी निघाली." अळी होतीच म्हणा. प्रत्येक टोपल्यात असते.

त्या एका हंगामाबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोलले नाही. मी बोलकी बाई. बाजारात वांगी घ्यायला आलेल्या माणसाला मी त्याच्या सासुरवाडीपर्यंत विचारते. पण एवढी एक गोष्ट आली की मी विषय बदलते, आणि घरातले सगळे मला तो बदलू देतात.

ज्यांनी हळदीचं काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हळद खणायची, बोटं मोडून वेगळी करायची, शिजवायची, मग पंधरा-वीस दिवस उन्हात पसरून ठेवायची. वाळली की ती अशी कळकट दिसते की कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. खवले, मुळ्या, माती. मग तिला ढोलात घालून फिरवायचं. ढोल म्हणजे भोकाभोकाच्या पत्र्याचं आडवं पिंप. बाजूला इंजिन, आणि इंजिनापासून ढोलापर्यंत पंजाभर रुंद पट्टा. ढोल फिरतो, आत कंदावर कंद घासतो, साल भुकटी होऊन खाली गळते. दार उघडलं की आतला रंग डोळ्यात घुसतो. नवखी माणसं त्याला सुंदर म्हणतात. मला तो आता काविळीच्या डोळ्यांसारखा दिसतो.

आमचं इंजिन माझ्या घरच्या माणसानं विहिरीवर बसवायला आणलं होतं. वीज आली तसं ते विहिरीवरून उतरलं आणि ढोलाला जोडलं गेलं. ते गेले, इंजिन राहिलं. माझा नातू रोशन त्या इंजिनाच्या बाजूला बसून वाढला. शाळेतून आला की दप्तर कुठेही, आणि हा इंजिनापाशी. सहा-सात वर्षांचा असताना कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "आजी, आज हे खोकते." बापानं उघडून बघितलं तर खरंच काहीतरी निघायचं. डिझेलात पाणी, नाहीतर जाळीत कचरा.

पुढे तो वर्ध्याला आयटीआयला गेला, डिझेल मेकॅनिकला. बोरगाव मेघ्यात माझी मुलगी राहते, त्याची आत्या, तिच्याकडे राहायचा. शनिवारी गावी आला की त्याचं पुस्तक मी चाळायचे. माझी शाळा चौथीत सुटली, पण अक्षर काही सुटलं नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, इंजेक्टर, मी सगळं मोठ्यानं वाचायचे आणि तो हसून हसून लोळायचा. मग समजावून सांगायचा. इंजिन कसं श्वास घेतं, दाबतं, पेटतं, सोडतं. चहाचे कप मांडून सांगायचा.

आणि एक दिवस जेवताना म्हणाला, "बाबा, म्या फौजेचा फॉर्म भरला. टेक्निकलचा."

माझ्या मुलानं, गजानननं, घास हातातच धरला. "कोणाले विचारून?"

"आता विचारूनच राह्यलो न."

"भरल्यावर?"

"भरला म्हणजे गेलो थोडी. परीक्षा आहे, पळणं आहे, मेडिकल आहे."

मी मध्ये पडले. "काऊन रे, वर्ध्यातले गॅरेज संपले का?"

"आजी, सुट्टीत गेलतो न एका गॅरेजात. तीन महिने डिझेलनं नटबोल्ट धुतले. इंजिन उघडाची बारी आली का उस्ताद म्हणे, जाय, चहा सांगून ये. तिकडं शिकवते. ट्रक, क्रेन, रणगाड्याचं इंजिन. माह्या हाती बंदूक कमी अन् पाना जास्त राहीन."

"अन् दुश्मन आला तर पाना फेकून मारशीन?"

गजानन हसला. "माय, तुह्या नातवाचा नेम मालूम आहे न तुले? कैरीले मारते अन् शांताबाईच्या घरावरच्या कवेलूले लागते."

वंदना हसली नाही. तिनं एकच विचारलं. "चार वर्षांचीच भरती आहे म्हणते ही. चार वर्षांनी काय?"

"चौघातून एकाले ठेवते, आई. बाकीचे वापस. पण हातात काम आलं राहीन. ते कोणी वापस घेत नाई."

भाजी निवली होती.

त्या थंडीत तो कालव्याच्या रस्त्यानं पळायचा. धुकं असायचं, तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या, आणि त्या धुक्यातून आधी त्याच्या बुटांचा आवाज यायचा, मग तो. मी गोठ्याच्या दाराशी उभी राहून म्हणायचे, "वासरू सुटल्यावानी पळते." तो न थांबता हात हलवायचा. परीक्षा झाली, पळणं झालं, मेडिकल झालं. नाव लागलं. वैशाखात हजर व्हायचं पत्र आलं. गजानननं ते गावात चार घरी नेऊन दाखवलं.

मला तो जायला नको होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गजानन एकटा, मजुरी करणारं माणूस मिळत नाही, भाजीचं रोजचं काम, आणि हा घरातला एकच तरणा हात. हे मी सगळ्यांसमोर बोलून दाखवायचे. खरं कारण याहून साधं होतं. तो घरात असला की घरात आवाज असायचा.

त्याच हंगामात त्यानं जाळी बनवली. आयटीआयमध्ये लोखंडी चौकट करून, वर तारेची जाळी बसवून, पट्ट्याच्या मापाची. ती पट्ट्यापुढे लावली की माणसाचा हात, धोतर, पदर काहीच आत जात नाही. दोन नट होते, पंख असलेले, नुसत्या बोटांनी फिरवायचे. "पाना लागत नाई, आजी. बाबाले ग्रीस भराचं असलं का दोन मिनिटात खोलते अन् लावते." लावताना चार वेळा उघडझाप करून दाखवली. मीही करून पाहिली. खरंच सोपी होती.

गजाननला ती फार आवडली नाही, कारण राळ लावायला अडचण होते. पट्टा जुना झाला की घसरतो, ढोल मंदावतो. मग त्याला राळेचा खडा चोळायचा म्हणजे तो पकड घेतो. आणि आमच्याकडे सगळ्यांची अशी समजूत आहे की राळ चालत्या पट्ट्यालाच लागते. बंद पट्ट्यावर चोळली तर ती नुसती वर बसते, आत मुरत नाही. माझे सासरे तसंच करायचे, माझा नवरा तसंच करायचा. रोशन म्हणायचा, "बाबा, बंद करून लावा. काई फरक नाई पडत, म्या करून पाह्यलं." गजानन म्हणायचा, "पुस्तकातल्या पट्ट्याले नाई पडत."

तर चैत्रातला तो दिवस. रोशन सकाळी आला होता, अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन. जाळी खोलली, ग्रीस भरलं, जाळी लावली आणि पावणेबाराच्या बसला पळाला. मी अंगणात कुरड्या घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, शिजवून. एक खाट भरून पांढऱ्या कुरड्या. कावळे हैराण करत होते. एकाला हाकलावं तर दुसरा. साडी टाकून पाहिली, चिकटली. मग मला ती जाळी आठवली. चौकट बरोबर खाटेएवढी. मी वावरात गेले, दोन बोटांनी दोन नट फिरवले, जाळी डोक्यावर घेऊन आले आणि कुरड्यांवर ठेवली. कावळे बाजूला बसून बघत राहिले. मला हसू आलं होतं. गजानन त्या वेळी जेवत होता. त्याला मी सांगितलं नाही. सांगायचं डोक्यातच आलं नाही. ढोल संध्याकाळी लावणार असं तो सकाळी म्हणाला होता.

त्यानं दुपारीच लावला. व्यापाऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती.

पुढचं मी फारसं लिहीत नाही. पट्टा घसरायला लागला, त्यानं हाताला खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळला, कारण पट्टा तापतो, आणि राळेचा खडा धरला. दुपट्ट्याचं टोक आत गेलं. मी इंजिनाचा आवाज ऐकला. रोशन म्हणायचा तसं ते खोकलं, आणि परत नीट चालायला लागलं. पुष्कळ दिवस मला ते नीट चालणं ऐकू यायचं.

शांताबाईच्या मुलानं इंजिन बंद केलं. गाडी आणली. वंदना सोबत गेली. वर्ध्याला दवाखान्यात उजवा हात मनगटाच्या वर चार बोटांपासून काढावा लागला.

सगळे गेल्यावर मी अंगणात एकटी उरले. समोर खाटेवर जाळी. खाली कुरड्या, एकही कावळ्यानं नेलेली नाही. मी ती जाळी उचलली, वावरात गेले आणि इंजिनाला टेकवून ठेवली. नट खाली मातीत टाकले. का केलं, असं मला कुणी विचारलं तर माझ्याजवळ आजही सरळ उत्तर नाही. पाय आपोआप गेले म्हणावं, तर नट मी कमरेच्या पिशवीतून मोजून काढले होते. दोन.

रोशन आधी दवाखान्यात गेला, मग दुसऱ्या दिवशी घरी आला. घरात न येता वावरात गेला. मी मागून गेले. तो जाळीकडे बघत उभा होता. मग वाकून मातीतला एक नट उचलला, बोल्टवर चढवला, परत उतरवला, परत चढवला.

"आजी, मले आठवत नाई."

"काय?"

"लावली का नाई लावली. बस चुकीन म्हणून पळालो. ग्रीस भरलं ते आठवते. हात पुसले ते आठवते. नट आवळले का, ते आठवतच नाई."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "असू दे बाप्पा. होते असं."

माझ्या चुकीची मी त्याला माफी दिली. आणि त्यानं ती घेतली. मान खाली घालून घेतली.

नंतर शांताबाई घरी येऊन सुस्कारा टाकून बोलून गेली, की शिकले-सवरलेले पोट्टे जाळ्या बनवते अन् लावाले विसरते. मी तिला चहा दिला. वंदना आत गेली. रोशन ओट्यावरच बसला होता, त्यानं सगळं ऐकलं.

गजानन घरी आला. डाव्या हातानं जेवायला शिकत होता. डाळ मनगटावरून ओघळायची. रोशन काही न बोलता भात कालवून द्यायचा, गोळे करून ताटाच्या कडेला ठेवायचा. एक दिवस तसाच गोळे करता करता म्हणाला, "बाबा, मी नाई जात."

"काऊन?"

"ढोल कोण चालवीन?"

"भाड्यानं चालवू. तू जाय."

"नाई जात म्हटलं न."

गजानन माझ्याकडे बघायला लागला, की माय, तू तरी सांग. मी ताटात बघत होते. इथे खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पोरगा राहतो आहे. मुलाचा हात गेलेला, आणि मी मनात मोजते आहे की नातू राहिला. माणूस स्वतःला पुष्कळ वर्षं ओळखतो असं समजतो.

त्या दिवसांत तो फार चांगला वागला. एवढा चांगला की बघवत नव्हतं. बापाची चप्पल, बापाच्या शर्टाच्या गुंड्या, बापाची बिडीसुद्धा पेटवून द्यायचा. बोलायचा नाही. राहिलेली हळद त्यानंच ढोलावर काढली. जाळी लावून, इंजिन बंद करून राळ चोळून. आणि राळ बरोबर बसायची. पट्टा घसरत नव्हता.

हजर व्हायला सहा दिवस राहिले तेव्हा त्यानं ते पत्र माझ्या हातात दिलं. "आजी, पाणी तापवाची चूल पेटवशीन तेव्हा टाकजो."

मी चूल पेटवली. पत्र उघडलं. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका सेलू, जिल्हा वर्धा. कामाचं नाव. आमच्या घरातल्या कुणाचंही नाव इतक्या सरळ अक्षरांत मी छापलेलं पाहिलं नव्हतं. पाणी उकळून गेलं, मी पत्र हातात घेऊन बसले होते. मग तशीच उठून वावरात गेले.

तो पट्ट्याला राळ लावत होता. इंजिन बंद होतं. मी म्हटलं, "रोशन, जाळी म्या खोलली होती."

तो चोळतच होता.

"कुरड्यावर ठेवाले नेली होती. कावळे येत होते म्हणून. तू गेल्यावर."

"कधी?"

"तुही बस गेली अन् लगेच."

"म्हणजे म्या लावली होती."

"हो."

"दोन्ही नट?"

"दोन्ही आवळले होते. चांगले आवळले होते."

तो खाली बसला. राळेचा खडा हातातच होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अकरा दिवस झाले, आजी."

एवढंच. त्यापुढे तो मला कधीही, कशाहीबद्दल, एक वाकडा शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

गजाननला मीच सांगितलं, त्याच संध्याकाळी. वाटलं होतं हा आरडाओरडा करेल. तो खांबाला टेकून बसला होता. म्हणाला, "माय, राळ तर मीच लावत होतो न चालत्या पट्ट्याले. जाळी असती तर मीच खोलली असती." मग थोड्या वेळानं, "पण पोराले पहिले सांगाचं होतं तुनं."

दुसऱ्या दिवशी रोशननं ते पत्र माझ्याकडून परत घेतलं आणि लोखंडी पेटी काढली. नाव रंगवलं. जायच्या दिवशी वंदनानं हातावर दही दिलं. तो सगळ्यांच्या पाया पडला, माझ्याही. पण त्याआधी कधी पाया पडला की तो माझे घोटे गच्च धरायचा, उठूच द्यायचा नाही, "आशीर्वाद दे नाई तं सोडत नाई" म्हणायचा. त्या दिवशी नुसते बोटांनी शिवले. गजानननं त्याच्या खांद्यावर हात टाकला, उजवा, आणि मग लक्षात आल्यावर डावा.

त्या कुरड्यांचं काय झालं, कुणी विचारलं तर सांगते. त्या वाया गेल्या नाहीत. वंदनानं डब्यात भरून ठेवल्या. अक्षय तृतीयेला तळल्या. गजानननं डाव्या हातानं खाल्ल्या, मीही खाल्ल्या. चांगल्या फुलल्या होत्या.

आता मला रिकाम्या वेळी विचार करायची खोड लागली आहे, आणि हात काही रिकामे नसतात, पण मन असतं. मी सांगितलं ते कुणासाठी सांगितलं? त्याचं ओझं उतरावं म्हणून की माझं? उतरलं का कुणाचं? आणि तो गेला, पण ठरवून गेला का? आधी तो राहत होता तेव्हा माझ्या खोट्यामुळे राहत होता. मग गेला तो माझ्यावरच्या रागानं गेला. मधे एक दिवससुद्धा त्याला असा मिळाला नाही की इंजिनांवर जीव असलेला पोरगा शांतपणे बसला, आणि बापाचा हात, स्वतःची चार वर्षं, आईचा प्रश्न, सगळं समोर मांडून त्यानं स्वतः काही ठरवलं. तेवढा एक दिवस त्याचा हक्काचा होता. तो मी दोनदा घेतला. लोक म्हणतात बुढीनं निदान खरं तरी सांगितलं. हो, सांगितलं. अकरा दिवसांनी खरं सांगितलं तर ते खरंच राहतं, पण दुसऱ्याच कामाला येतं.

तो तिकडे कुठे आहे ते मला नीट सांगता येत नाही. थंड मुलूख आहे. वर्कशॉपात आहे. मोठी इंजिनं उघडतो असं गजाननला सांगतो, आणि गजानन ते मला सांगतो. फोन आला की माझ्याशी "जेवली का आजी", "तब्येत बरी आहे न" एवढं होतं. रजेवर एकदा आला तेव्हा दहा दिवसांत घरातलं सगळं दुरुस्त करून गेला. पाण्याची मोटर, शिवणाची मशीन, गोठ्याचं दार. बापाच्या खुरप्याच्या मुठीला लोखंडी कडं बसवलं, कोपराला पट्ट्यानं बांधून निंदता येईल असं. बसल्या बसल्या बापलेक ते घालून काढून बघत होते आणि हसत होते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. बाहेर जावंसं वाटलं, गेले नाही. मी गेले असते तर हसणं थांबलं नसतं, पण बदललं असतं.

तेव्हापासूनची ही तिसरी हळद. ढोल आणि इंजिन भंगारात गेलं, गजानननं स्वतः ओढून दिलं. यंदा शिजवायलाही भाड्याचा बॉयलर आणला. वाफेवर एका दिवसात काम होतं. वास तोच येतो.

बॉयलर होता त्याच दिवशी दुपारी फोन आला. गजानननं स्पीकर लावून मांडीवर ठेवला.

"बाबा, पुढच्या वर्षी चार वर्षं पुरे होते. पुढं राहाचं आहे का ते लिहून द्या म्हणते. लिहून दिलं म्हणजे ठेवतीनच असं नाई. पण साहेब म्हणते तुझं होऊ शकते."

"मंग दे न लिहून. विचारतं काय?"

"तुमचं कसं सुरू आहे?"

"एकदम बढिया. हळद शिजून राह्यली. औंदा माल फस्क्लास आहे."

वंदना म्हणाली, "हो, बरं आहे सगळं. तू आपलं पाह्य."

तिकडे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "आजीले द्या."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतःहून मला मागितलं. फोन माझ्याकडे आला तरी स्पीकर चालूच होता. मला तो बंद करता येत नाही, आणि कुणी केला नाही.

"आजी, खरं कसं आहे तिकडं?"

गजाननचा डावा हात वर आला, नको म्हणून. वंदनाही बघत होती. बाप बढिया म्हणतो, आई बरं म्हणते, आणि पोरगा खरं विचारायला माझ्याकडे आला. माझ्याकडे.

मी म्हटलं, "यंदा बेणं ठेवलं नाई."

बेणं म्हणजे पुढच्या वर्षी लावायला राखून ठेवायची कच्ची हळद. शिजवण्याआधीच ती बाजूला काढतात, सावलीत पाल्याखाली ठेवतात. माझ्या लग्नापासून एक वर्ष असं गेलं नाही की आमच्या घरी बेणं नव्हतं. यंदा सगळीच्या सगळी बॉयलरमध्ये घातली. शिजलेल्या हळदीला कोंब येत नाही.

तो म्हणाला, "सगळी शिजवली?"

"सगळी. तुह्या बापाच्यानं सऱ्या पाडणं होत नाई. त्या खुरप्यानं निंदण होते, खणणं होत नाई. तुह्या आईची कंबर गेली आहे, ते तुले सांगत नाई. म्या खाली बसली का कोणाले तरी उठवावं लागते. माणसं भेटत नाई. आम्ही भाजी तेवढी करतो, तीही अर्धी. थंडीत तुह्या बापाची नसलेली बोटं दुखते म्हणते."

"बाबा तर—"

"तो म्हणते ते त्यानं म्हणावं. हे असं आहे."

'ये' हा शब्द माझ्या तोंडात येऊन बसला होता. 'येऊ नको' हासुद्धा होता. आयुष्यभर जे तोंडात आलं ते मी बाहेर सोडलं आहे. जे सोडायला पाहिजे होतं तेवढंच एकदा अकरा दिवस धरून ठेवलं. मी म्हटलं, "म्या सांगतलं म्हणून तू यावं असं नाई. अन् येऊ नये असंही नाई. तिथं तुले काम आवडते, तेही मले मालूम आहे. सगळं तुह्यापाशी असू दे, म्हणून सांगतलं. आता तू पाह्य."

आणि मी गप्प बसले. फोन चालू होता. तिकडचं लोखंड आपटणं थांबलं होतं.

"बरं," तो म्हणाला. मग परत, "बरं, आजी." आणि फोन बंद झाला.

गजानन उठून वावराकडे गेला. माझ्याशी तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पाणी मागितलं.

लिहून द्यायची मुदत होऊन गेली असं वंदनाला कुठून तरी कळलं. त्यानं काय लिहिलं, हो की नाही, ते त्यानं सांगितलेलं नाही. वंदनानं दोनदा फोन हातात घेतला विचारायला आणि दोनदा ठेवला. मी तर विचारतच नाही. हळद अंगणात वाळत पडली आहे. मी सकाळी ती पायानं परतते, संध्याकाळी गोळा करून झाकते, आणि फोन वाजला की गजाननला उचलू देते.